ब्लाझरच्या गॅमा किरणांचे उगमस्थान घरच्या संगणकावर कसे शोधावे

ठाण्याच्या उजळलेल्या आकाशात ३सी २७९ हा ब्लाझर, म्हणजे जिच्या केंद्रातील कृष्णविवराजवळून निघणारा कणांचा झोत जवळजवळ आपल्याकडेच रोखलेला आहे अशी दीर्घिका, दिसण्याची आशा नाही. परंतु गॅमा किरण टिपणाऱ्या फर्मी उपग्रहाची २००८ पासूनची मोजमापे सर्वांना खुली असल्यामुळे, त्याच्या झोतात गॅमा किरण नेमके कुठे निर्माण होतात याचा शोध नौपाड्यातल्या किंवा नेरुळमधल्या घरातूनही घेता येतो.

प्रथम प्रकाशवक्रातील (वेळेनुसार बदलत्या तेजाच्या आलेखातील) एखादा मोठा भडका निवडून तेज दुप्पट व्हायला किती वेळ लागला ते पाहावे. पाडव्याच्या स्वागतयात्रेत लांबवर पसरलेल्या लेझीम पथकाचा ठेका टोकाला उभ्या असलेल्याला विस्कटलेला ऐकू येतो, कारण पुढच्या आणि मागच्या लेझमांचा आवाज एकाच वेळी पोहोचत नाही. त्याच कारणाने मोठे क्षेत्र झटकन उजळताना दिसू शकत नाही. म्हणून प्रकाशाचा वेग, दुपटीचा वेळ आणि डॉप्लर गुणक (झोत आपल्याकडे वेगाने येत असल्याने त्यातला काळ किती पट आखूड भासतो ते) यांच्या गुणाकाराला 'एक अधिक ताम्रसृती'ने (विश्वाच्या प्रसरणामुळे प्रकाशलहरी किती ताणल्या गेल्या त्याच्या मापाने) भागावे. दोन तास, गुणक २० आणि ताम्रसृती ०.५३६ धरल्यास त्रिज्या फार तर २,८०० कोटी किलोमीटर येते.

नवशिके घसरतात ते येथेच. क्षेत्र लहान म्हणजे ते कृष्णविवराजवळ, हा निष्कर्ष त्या क्षेत्राने झोताची पूर्ण रुंदी व्यापली असेल तरच टिकतो. झोताचा एखादा कोपराच भडकला असेल, तर तो पुष्कळ दूरही असू शकतो. आकाराला अंतर समजू नये, हे कटाक्षाने पाळावे.

कृष्णविवरापासूनच्या अंतरासाठी गॅमा किरणांचा वर्णपट, म्हणजे कोणत्या ऊर्जेचे किती किरण येतात ते, पाहावा. कृष्णविवराभोवतीच्या वायुमेघांतील हायड्रोजनच्या अतिनील फोटॉनांवर आदळून सुमारे २५ अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टच्या वरचे गॅमा किरण इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या जोड्यांत रूपांतरित होतात. ताम्रसृतीमुळे आपल्याला ही मर्यादा १७ अब्जांच्या आसपास दिसते. तिच्यापुढे वर्णपट कोसळला तर उगम मेघांच्या आत असण्याची शक्यता मोठी, आणि तसाच पुढे चालू राहिला तर तो बाहेर. (विश्वातील पार्श्वप्रकाशही असेच शोषण करतो, त्याची वजावट आधी करावी.) २००६ मध्ये जमिनीवरच्या मॅजिक या गॅमा दुर्बिणीने याच ब्लाझरकडून १०० अब्जांहून अधिक ऊर्जेचे किरण टिपले होते. त्यामुळे निदान त्या वेळचा उगम मेघांत खोलवर मानणे मला अवघड वाटते.

शेवटी ४३ गिगाहर्ट्झच्या रेडिओ चित्रांत नवी गाठ (झोतातून पुढे सरकणारा तेजस्वी ठिपका) गाभ्यातून केव्हा निघाली ते तपासावे. गाभा म्हणजे कृष्णविवर नव्हे, तर या चित्रांत झोत जिथून दिसू लागतो तो तेजस्वी भाग. भडक्यानंतर ती २० दिवसांनी निघाली, तिचा दिसणारा वेग प्रकाशाच्या २० पट आणि झोताचा कोन ३ अंश असेल, तर दरम्यान तिने सुमारे १४ प्रकाशवर्षे अंतर कापलेले असते, म्हणजे उगम गाभ्याच्या तितका अलीकडे, कृष्णविवराच्या बाजूला आहे. गाठ आणि भडका एकाच वेळी आले, तर उगम त्या गाभ्यातच, वायुमेघांच्या कितीतरी पलीकडे, मानावा लागतो.