उंदराच्या रेटिनाचा फ्लॅट माउंट: डोळा उघडण्यापासून पेशी मोजेपर्यंत

काचबिंदूच्या प्रयोगात शेवटी एकच प्रश्न उरतो: किती गँग्लियॉन पेशी (रेटिनातला संदेश मेंदूकडे नेणाऱ्या पेशी) वाचल्या? सेक्शनमध्ये, म्हणजे पातळ कापात, रेटिनाची एक चिंचोळी पट्टी दिसते; फ्लॅट माउंटमध्ये, म्हणजे रेटिना सपाट पसरली की, अख्खा पडदा. पण पेशी आजाराने गेल्या की आपल्या चिमट्याने, हा फरक मायक्रोस्कोपखाली सहजी कळत नाही. म्हणून खरी काळजी सुरुवातीलाच घ्यायची.

डोळा काढण्याआधी वरच्या बाजूला कॉर्नियावर कॉटरीने (डाग देणाऱ्या तापलेल्या टोकाने) बारीक ठिपका द्या. रेटिना सुटी झाली की दिशा कळत नाही.

कॉर्नियाच्या कडेला 30 गेजच्या सुईने भोक पाडा, म्हणजे द्रावण आत शिरेल. मग 4 टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये (पीएच 7.4) साधारण एक तास ठेवा. द्रावण ताजे हवे आणि काम फ्यूम हूडमध्येच. वेळ कमी पडली तर रेटिना ओल्या टिशूपेपरसारखी फाटते. रात्रभर राहिली तर कडक होते आणि काही अँटिबॉडींना बसायला जागाच उरत नाही.

पुढचे सगळे पीबीएसमध्ये (खारट बफर द्रावणात) बुडवून, स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली. स्प्रिंगच्या बारीक कात्रीने कॉर्नियाच्या कडेने गोल कापत जा. कॉर्निया, आयरिस आणि भिंग बाहेर काढा. उंदराचे भिंग डोळ्यातली बरीचशी जागा व्यापते, त्यामुळे ते ओढू नका, हलकेच ढकला. मिटलेला चिमटा रेटिना आणि मागच्या थरांमध्ये सरकवून रेटिना मोकळी करा, मागची नस कापा. आतला चिकट व्हिट्रियस (डोळ्यातला जेलीसारखा पदार्थ) बारीक ब्रशने काढा. या पायरीत हमखास आळस होतो. व्हिट्रियस राहिला तर अँटिबॉडी सगळीकडे सारखी पोहोचत नाही, आणि न रंगलेला डाग पेशी मेल्यासारखा वाटतो. कडेकडून मध्याकडे चार छेद द्या, पण दोन तृतीयांशावर थांबा. ठिपक्याच्या बाजूचा छेद थोडा लांब ठेवला की तीच दिशेची खूण.

ब्लॉकिंगसाठी (अँटिबॉडी भलतीकडे चिकटू नये म्हणून) 5 टक्के सीरम आणि 0.5 टक्के ट्रायटन (पेशींचे पटल सच्छिद्र करणारा डिटर्जंट), एक तास. सेकंडरी अँटिबॉडी (प्रायमरीला चिकटणारी, चमकणारी) ज्या प्राण्यात बनली त्याचेच सीरम घ्या. प्रायमरी (पेशीतले प्रथिन ओळखणारी अँटिबॉडी) 4 अंश सेल्सिअसवर दोन-तीन दिवस, हळू हलवत. जाड ऊतीला पाच मिनिटांचे धुणे पुरत नाही. तीन वेळा अर्धा-अर्धा तास धुवा. इजेनंतर पेशी जिवंत असूनही बीआरएन3ए (गँग्लियॉन पेशींची खूण असलेले प्रथिन) घटू शकते, म्हणून फक्त त्याच्या भरवशावर मृत्यूचा निष्कर्ष काढू नका. सोबत आरबीपीएमएस ही गँग्लियॉन पेशींची दुसरी खूण लावा. डॅपीने (सगळी केंद्रके रंगवणाऱ्या रंगाने) केंद्रके मोजणे तर चूकच: गँग्लियॉन पेशींच्या थरातल्या निम्म्याच्या आसपास पेशी अमाक्राइन, म्हणजे वेगळ्याच प्रकारच्या, असतात.

स्लाइडवर ठेवताना वाटीची खोलगट बाजू वर, कव्हरस्लिपकडे. मध्याजवळ पेशी दाट, कडेला विरळ. म्हणून चारही पाकळ्यांत मध्यापासून ठरलेल्या तीन अंतरांवर चौकटी घ्या. मोजणाऱ्याला गट कळू देऊ नका. एका उंदराचे दोन डोळे म्हणजे दोन स्वतंत्र नमुने नव्हेत.

आणि हे सगळे सुरू करण्याआधी उंदरांचा वाण तपासा. एफव्हीबी आणि सी3एच वाणांत सहसा आरडी1 हे रेटिना झिजवणारे उत्परिवर्तन असते. त्यामुळे रॉड (प्रकाश टिपणाऱ्या) पेशी साधारण तीन आठवड्यांतच जातात. सी57बीएल/6एन वाणात आरडी8 हे रेटिनाचे दुसरे उत्परिवर्तन असते, सी57बीएल/6जेमध्ये नसते. कागदावर नुसते 'बी6' (दोन्ही सी57बीएल/6 वाणांचे लघुरूप) लिहिले असेल तर जनुक तपासणी करूनच पुढे जा.