पसरणी घाट सायकलवर: चढताना आणि उतरताना या चुका टाळा

वाईहून पाचगणीला निघालं की पसरणी गावापर्यंत रस्ता अगदी साधा वाटतो. हे शाहीर साबळे यांचं गाव. ते मागे पडलं की घाट सुरू होतो. वाई सुमारे 700 मीटर उंचीवर आहे, पाचगणी जवळजवळ 1,300 मीटरवर, आणि मधलं अंतर 12-13 किलोमीटर. सरासरी चढ पाच टक्क्यांच्या आसपास येतो. रोड सायकलवर पहिला घाट करायचा असेल तर याहून चांगला रस्ता मला माहीत नाही. चढ एकसारखा आहे, खाली धोमचं पाणी दिसत राहतं, आणि वर पोचलं की चहा मिळतो. तरीही दर रविवारी इथे कुणी ना कुणी अर्ध्या घाटात कठड्याला सायकल टेकवून बसलेला दिसतो. बहुतेकांचं चुकलेलं असतं ते घाटाच्या आधीच.

पहिली चूक म्हणजे नुसते किलोमीटर पाहून रस्ता ठरवणं. सपाटीवर 60 किलोमीटर सहज होतात म्हणून महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरायचं आणि त्याच दिवशी आंबेनळी घाट चढून परत यायचं, असे बेत मी ऐकले आहेत. सह्याद्री पूर्वेकडे पायऱ्यापायऱ्यांनी उतरतो, पश्चिमेकडे मात्र कोकणात एकदम कोसळतो. पसरणीत तुम्ही 600 मीटर चढता. पोलादपूरकडून महाबळेश्वरला येताना त्याच्या दुपटीहून जास्त चढावं लागतं. म्हणून नकाशावर अंतराच्या शेजारी एकूण चढाईचा आकडा असतो, तो आधी पाहा. आणि चढ सरासरीने मोजू नका. सिंहगडाच्या रस्त्यावर मधेमधे चढ दहा टक्क्यांपलीकडे जातो, आणि पाय मोडतात ते तिथेच.

गुडघा दुखतो, पॅडल फिरत नाही

याचं कारण बहुतेक वेळा ताकद नसून गिअर असतो. सात-आठ टक्क्यांच्या चढावर नवशिक्याचा वेग ताशी साडेसात किलोमीटर धरू. पुढे 39 दातांची चकती आणि मागे सर्वांत मोठी 25 दातांची असेल, तर या वेगाला पॅडलच्या मिनिटाला 38 फेऱ्या होतात. प्रत्येक फेरीला जिना चढल्यासारखा जोर लागतो. पुढे 34 आणि मागे 28 असेल तर फेऱ्या 49 होतात, मागे 34 असेल तर 60. माणूस तोच, वेगही तोच, पण गुडघ्यावर पडणारा भार केवढा कमी! सह्याद्रीत फिरणाऱ्याने मागे सर्वांत मोठी चकती 32 किंवा 34 दातांची असलेली कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) लावायला संकोच करू नये. मात्र बदलताना डिरेलरचा, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागाचा, पिंजरा तेवढा लांब आहे का आणि चेन पुरते का, हे मेकॅनिककडून तपासून घ्या. चेन तोकडी राहिली तर दोन्ही मोठ्या चकत्यांवर गिअर पडताच डिरेलर ताणला जाऊन तुटतो. गिअर बरोबर असूनही गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखत असेल तर सीट खाली आहे का पाहा.

आणखी एक गोष्ट घरीच करून पाहायची. सपाटीवर मागची सर्वांत मोठी चकती कुणी वापरत नाही, त्यामुळे तिथे बिघाड असला तरी कळत नाही. सायकल कधी उजव्या बाजूला पडून हँगर (डिरेलर जिथे बसवलेला असतो तो तुकडा) वाकला असेल, तर घाटात तो शेवटचा गिअर टाकताच डिरेलर स्पोकमध्ये अडकतो. मागचं चाक उचलून सगळे गिअर एकदा फिरवून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. पुढची चकती बदलायची तर चढ लागायच्या आधी, पाय हलका ठेवून. पूर्ण जोर लावून बदलायला गेलात की चेन आत पडते.

खाण्यापिण्याचं थोडक्यात सांगतो. वाईत भरपेट मिसळ खाऊन लगेच चढू नका. केळं, चिक्की, शेंगदाण्याचा लाडू असं काहीतरी अर्ध्या-पाऊण तासाने तोंडात टाका, आणि एका बाटलीत साखर-मीठ-लिंबू घाला. पहिले दोन किलोमीटर शेजाऱ्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतपतच जोर लावा. तिथे लागलेला दम पुढे घाटभर जात नाही.

उतार

चढावरची चूक फार तर तुम्हाला थांबवते. उतारावरची चूक दवाखान्यात नेते. तरी सगळे सराव करतात तो चढाचा.

सायकल आणि स्वार मिळून 80 किलो वजन 600 मीटर खाली येतं, तेव्हा जेवढी ऊर्जा बाहेर पडते तेवढ्यात साधारण दीड लिटर पाणी उकळेल. त्यातली काही हवा खाते, बाकीची ब्रेकमध्ये जाते. घाबरून वरपासून खालपर्यंत ब्रेक हलका दाबून ठेवला की रिमला, म्हणजे ब्रेक घासतो त्या चाकाच्या कड्याला, थंड व्हायला उसंतच मिळत नाही. माझी पुढची ट्यूब अशीच फुटली. पाचगणीजवळचा दांडेघर नाका सोडून तीन-चार वळणंच झाली होती. सरळ पट्ट्यावर होतो म्हणून सायकल सावरता आली. वळणावर असतो तर काय झालं असतं, हे मला आजही आठवायला नको वाटतं.

तेव्हापासून मी एकच पद्धत पाळतो. वळणाच्या आधी सरळ रस्त्यावर दोन्ही ब्रेक नीट दाबून वेग पाडायचा, वळणात ब्रेक सोडायचा, बाहेरच्या बाजूचं पॅडल खाली ठेवायचं आणि नजर वळण जिथे संपतं तिथे लावायची. हात हँडलच्या खालच्या भागावर ठेवले तर ब्रेकच्या लिव्हरवर जास्त पकड येते आणि तळहात बधिर होत नाहीत. सायकल उसनी किंवा नवी असेल तर कोणत्या हाताला पुढचा ब्रेक आहे, हे निघायच्या आधी तपासा. सगळ्या सायकलींना तो एकाच हाताला नसतो.

आणि आपली डावी बाजू सोडू नका. उजव्या वळणावर आत कापायचा मोह होतो, पण समोरून चढणाऱ्या एसटीला तिथे जवळजवळ सगळा रस्ता लागतो. उसाच्या हंगामात दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर वाईच्या रस्त्यांवर हमखास भेटतो. त्याच्या मागची सांडलेली पाचट ओल्या रस्त्याइतकीच निसरडी असते.

पावसाळ्यात वाईत कोरडं पाहून निघालेला माणूस पाचगणीच्या पुढे धुक्यात सापडतो. वाई पर्जन्यछायेत आहे, आणि महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. रिम ब्रेक ओला असेल तर दाबल्यावर तो लागायला क्षणभर उशीर होतो, म्हणून वळणाच्या बरंच आधी हलकं दाबून रिम पुसून घ्या. रस्त्यावरचे पांढरे पट्टे आणि झाडांच्या सावलीतलं शेवाळ टाळा. दरडीचे दगड पडलेले दिसले तर तिथे फोटोसाठी थांबू नका. हिवाळ्यात घामाने भिजलेल्या अंगाने उतरताना बोटं गारठून लिव्हर ओढेनाशी होतात, त्यामुळे वरच विंडचीटर चढवा. तो नसेल तर चहाच्या टपरीवरून जुनं वर्तमानपत्र मागून घ्या आणि जर्सीच्या आत छातीशी धरा.

खाली वाईत पोचल्यावर टायरवर बोट फिरवून काच किंवा खडी रुतली आहे का बघा. ब्रेक पॅडवरच्या खाचा दिसेनाशा झाल्या असतील तर पुढच्या घाटाआधी पॅड बदला.