व्हिक्टोरियन ड्रेस शिवायचाय? मग आधी आतले कपडे शिवा

कोर्सेटपासून, म्हणजे कंबर आवळणाऱ्या त्या ताठ पट्ट्यांच्या चोळीपासून, सुरुवात करू नका. हे आधीच सांगून टाकते, कारण या छंदात येणारा जो तो तेच करतो. फोटोतली ती बारीक कंबर बघितली की हात शिवशिवायला लागतात, महागाचं कापड येतं, कात्री चालते आणि मग अर्धवट तुकड्यांचं गाठोडं कपाटाच्या तळाशी जाऊन बसतं.

सुरुवात करायची शमीजपासून. शमीज म्हणजे सगळ्यात आत, अंगाला लागून घालायचा गुडघ्यापर्यंतचा सैल सुती झगा. त्यावर कोर्सेट, त्यावर एक परकर, मग त्या त्या काळाप्रमाणे घेरासाठी क्रिनोलिन किंवा मागच्या फुगवट्यासाठी बसल, त्याच्यावर अजून एक परकर आणि मग कुठे तो फोटोतला ड्रेस. ड्रेसचं माप नुसत्या अंगावरून घ्यायचंच नसतं, हे सगळं घालून मग त्याच्यावरून घ्यायचं. वरचा ड्रेस कितीही झकास शिवा, आत काही नसेल तर तो गॅदरिंगला भाड्याने आणलेल्या ड्रेससारखाच दिसणार.

दुसरं म्हणजे साल ठरवा. व्हिक्टोरिया राणी होती १८३७ ते १९०१, म्हणजे ६४ वर्षं, आणि एवढ्या काळात बाईची आकृती चार-पाच वेळा बदलली. १८४० च्या आसपास दोऱ्या भरलेले कडक परकर, १८५६ ला पिंजऱ्यासारख्या क्रिनोलिनचं पेटंट आणि मग तो प्रचंड गोल घेर, १८७०-८० च्या दशकांत सगळा फुगवटा मागे, १८९० नंतर घेर आटोपशीर पण बाह्या फुगलेल्या. एकातलं कोर्सेट दुसऱ्यातल्या ड्रेसखाली चालत नाही. मी नवीन माणसाला १८६० चं दशक सुचवते, एकतर शिवायला सोपं, आणि आपल्या खान्देशचं त्या दशकाशी नातंही आहे. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला, रेल्वेही त्याच दशकात इकडे पोचली. तेव्हाच्या एखाद्या मडमेच्या शमीजमध्ये आपल्या काळ्या मातीतला कापूस असेलही, काय सांगावं.

आता कापड. ऑनलाइन मागवायची काही गरज नाही, जळगावला फुले मार्केटात किंवा धुळ्याला आग्रा रोडवर सगळं मिळतं, फक्त दुकानदाराला व्हिक्टोरियन वगैरे सांगत बसू नका, तो लग्नाचा गाऊन काढून दाखवेल. मांजरपाट मागा, ट्रायलसाठी. शमीजसाठी कॅम्ब्रिक किंवा चांगली मलमल. परकरासाठी पॉपलीन. कोर्सेटसाठी घट्ट विणीचं ड्रिल नाहीतर गादीपाट. होय, गादीचाच. कोर्सेटचं खरं कापड कुटील म्हणून असतं, ते इकडे मिळत नाही, पण गादीपाट त्याच कामाचा, न ताणणारा. दुकानातच दोन्ही मुठीत धरून उभं-आडवं ओढून बघा, जरा जरी ताणलं तरी परत ठेवा. आणि पॉलिस्टर मिक्स काहीही घेऊ नका, अस्तरालासुद्धा, आपल्याकडच्या उन्हात त्यात माणूस शिजून निघेल. आणलेलं कापड रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच कापायचं. मांजरपाट तर चांगलाच आटतो.

शमीजला छत्तीस पन्ह्याचं अडीच मीटर कापड पुरतं. छाती ३६ असेल तर झग्याचा एकूण घेर ४८ च्या आसपास ठेवा, म्हणजे पुढचा आणि मागचा असे दोन तुकडे, प्रत्येकी २५ इंच रुंद आणि खांद्यापासून गुडघ्यापर्यंत लांब, शिलाईची मार्जिन त्यातच आली. पन्ह्याच्या कडेला जी ११ इंचांची पट्टी उरते त्यातून आखूड बाह्या, गळ्याची पट्टी आणि काखेतले दोन चौकोनी तुकडे काढायचे, चार बाय चार इंचाचे. हा काखेतला तुकडा विसरू नका. जुन्या बंडीला शिंपी लावायचे तोच, त्याच्यामुळे हात वर केला तरी झगा वर ओढला जात नाही आणि काखेत फाटत नाही. तो तिरका, म्हणजे एक कोपरा बाहीच्या शिलाईत आणि समोरचा कोपरा बाजूच्या शिलाईत असा बसतो, पहिल्यांदा डोकं गरगरतं, म्हणून आधी कच्चा टाका घालून बघा. गळा भरपूर मोठा, खांद्यावरून घसरेल असा वाटला पाहिजे. त्याला चुण्या घालून पट्टी लावा, किंवा कंटाळा आला तर नेफा करून बारीक नाडी ओवा, दोन्ही चालतं. आतल्या सगळ्या शिलाया रन अँड फेल करायच्या, म्हणजे एक कड दुमडून दुसरीवर दाबून पुन्हा टीप. ओव्हरलॉक नको. हे कपडे सारखे धुवायचे असतात, त्यात कच्च्या कडा टिकत नाहीत. आणि कोर्सेट सहसा धुवत नाहीत, घाम शमीजने प्यायचा, ते धुवायला टाकायचं, हाच सगळा हिशोब.

मशीन कोणतंही चालेल. पायमशीन असेल तर फारच छान, त्या काळात तेच होतं, १८५० नंतर शिलाई मशीन घराघरांत शिरायला लागलंच होतं. सरळ टीप सोडून काही लागत नाही. कॅम्ब्रिकला १४ नंबरची सुई, कोर्सेटला १६. हातशिलाईचा दोरा मधमाशीच्या मेणावरून ओढून घ्या, गुंतत नाही.

ड्रॉवर्स, म्हणजे आतली तुमान, अर्ध्या दिवसाचं काम. दोन सैल पाय, गुडघ्याखाली चुण्या आणि पट्टी, वर कमरेला पट्टी. फक्त मधली शिलाई मारायची नाही. ही चूक नाही, तशीच असायची, दोन्ही पाय फक्त कमरेच्या पट्टीला जोडलेले. कोर्सेट, दोन परकर आणि पिंजरा चढवल्यावर खालचं काही उतरवता येत नाही, मग बाई बाथरूमला जाणार कशी. मी ती वाळत घातली तर शेजारच्या आजी म्हणे, हाई काय शे वो माय, मधमा तं फाटेल शे! हसू येतं, पण विचार केला तर यापेक्षा सोयीचं काही नाही.

आता कोर्सेट. इथे घाई नको.

मापं शमीज घालून घ्यायची, छाती, छातीच्या खाली, कंबर, नितंबांचा वरचा भाग, आणि बसल्यावर काखेपासून मांडीपर्यंतची उंची, ही शेवटची बहुतेक लोक घेत नाहीत आणि मग खुर्चीवर बसलं की कोर्सेट मांडीत रुततं. हिशोब असा. कंबर ३० असेल तर मागची लेस, म्हणजे आवळायची दोरी, बांधून २८ व्हावी, एवढंच, पहिल्या कोर्सेटला दोन इंचांपेक्षा जास्त आवळायचं नाही. मागे लेसच्या जागी दोन इंच फट राहू द्यायची असते, म्हणजे कापडाचं कमरेचं माप आलं २६. छाती आणि नितंबांत काहीच आवळायचं नाही, तिथे फक्त फटीचे दोन इंच वजा. कंबर बारीक दिसते ती आवळून कमी आणि वरखाली भरल्यामुळे जास्त, जुन्या बायका तर पॅडसुद्धा घालायच्या. फासळ्या काढून घ्यायच्या वगैरे गप्पा सोडून द्या, त्या काळात असलं ऑपरेशन करून माणूस जगला असता का.

पॅटर्न अर्ध्या अंगाला पाच किंवा सहा तुकड्यांचा घ्या. आधी मांजरपाटात शिवा, मागे तात्पुरती जाड पट्टी लावून लेस ओवा, घाला, आणि अर्धा तास घरात वावरा. बसा, वाका, भाकरी थापून बघा. जिथे आडव्या सुरकुत्या पडतात तिथे ते तंग आहे, उभ्या पडतात तिथे सैल. पेनाने तिथेच खूण करायची, उसवायचं, पुन्हा टीप. समाधान झालं की तो मांजरपाट उसवून तोच पॅटर्न म्हणून वापरा.

खरं कोर्सेट दोन थरांचं करा, दोन्ही ड्रिल किंवा बाहेर ड्रिल आत पॉपलीन. तुकडे उभ्या धाग्यावरच ठेवा, उरेब, म्हणजे तिरका गेला की एक बाजू ताणते आणि सगळं कोर्सेट पिळवटतं. कमरेच्या रेषेवर दोन थरांच्या मधे एक इंचाची न ताणणारी सुती पट्टी आडवी घाला, सगळा ताण ती घेते. मग हाडांसाठी, म्हणजे आतल्या त्या ताठ पट्ट्यांसाठी, उभे बोगदे शिवायचे. तेव्हा देवमाशाच्या तोंडातले पट्टे वापरायचे, नंतर स्टीलही आलं. आपल्याला इलेक्ट्रिकच्या दुकानातले रुंद केबल टाय बास, ९ एमएमचे. डोकं छाटायचं, टोकं नेलकटरने गोल करून कानशीने घासायची, नाहीतर दुसऱ्या दिवशी कापडातून बाहेर येऊन टोचतात. बोगदा हाडापेक्षा दोन एमएम रुंद, आणि लांबीला दोन्ही टोकांना पाव-पाव इंच मोकळं.

पुढे जो दोन भागांचा धातूचा बस्क असतो, खुंटी आणि कडीवाला, तो आपल्या बाजारात मिळत नाही. त्याच्यामागे पळू नका. सुरुवातीच्या व्हिक्टोरियन कोर्सेटना पुढे उघडझाप नव्हतीच, मधोमध एक लाकडाची नाहीतर धातूची सलग पट्टी आणि लेस फक्त मागे. म्हणून स्टेशनरीच्या दुकानातून लाकडी फूटपट्टी घ्या, पॉलिश पेपरने घासा, टोकं गोल करा, मधल्या बोगद्यात सरकवा. दिसायला काही कमी नाही, आणि काळाला धरूनही.

मागची भोकं. एकेक इंचावर, कमरेपाशी जरा जवळ जवळ, आणि भोकांच्या दोन्ही बाजूंना एकेक हाड हवंच. भोक कात्रीने कापायचं नाही, आरीने धागे बाजूला सारत मोठं करायचं, कापलेलं भोक लेस ओढली की फाटत जातं. आयलेट ५ एमएमचे, मागे वॉशर येतो तेच, फ्लेक्सच्या बॅनरला मारतात ते नकोत. नाहीतर हातानेच काजाच्या टाक्याने विणून घ्या, वेळ लागतो पण पक्कं होतं. ज्यांचा हात भरतकामात चालतो त्यांनी हाडांच्या टोकांना रंगीत रेशमाने टाके घालावेत, शोभाही येते आणि हाड जागेवर राहतं, त्या काळीही करायचे.

क्रिनोलिनच्या घेराचं मात्र आपल्याकडे सोपं आहे. ठिबकची लॅटरल पाइप घ्या, १२ एमएम, प्लेन, ड्रिपर नसलेली. नऊ मीटर पुरते. तासभर उन्हात टाकली की नरम पडते, मग कड्या करायच्या, वरून खाली ६०, ८०, ९५ आणि १०५ इंच घेराच्या, आणि टोकं त्याच पाइपच्या जॉइनरने जोडायची. कमरेच्या पट्टीला आठ लांब नाड्या शिवायच्या आणि कड्या त्यांना जाड दोऱ्याने प्रत्येक ठिकाणी पक्क्या बांधायच्या. सगळ्यात खालची कडी जमिनीपासून दहा इंच वर हवी, खाली गेली की चालताना त्यात पाय अडकतो आणि माणूस सरळ तोंडावर. घालून दिव्याजवळ किंवा चुलीजवळ जायचं नाही. त्या काळात क्रिनोलिनने पेट घेऊन कितीतरी बायका गेल्या, कारण एवढा घेर, त्याची कड कुठे लागतेय ते स्वतःला कळतच नाही. आणि ते घालून रिक्षात बसायच्या भानगडीत पडू नका.

परकर आपल्या साडीखालच्या कळीच्या परकरासारखा नाही. सरळ पन्हेच्या पन्हे जोडायचे, चार-साडेचार मीटर घेर, पुढे जवळजवळ सपाट आणि सगळ्या चुण्या बाजूला व मागे. खाली काठाच्या वर अर्ध्या-अर्ध्या इंचाच्या तीन-चार आडव्या दुमडी शिवा, त्याने घेर उभा राहतो. आणि धुतल्यावर साबुदाण्याची खळ. स्टार्चचा स्प्रे नको, खळच, पातळ करून, शेवटच्या पाण्यात नीळ घालून. सावलीत अर्धवट वाळला की इस्त्री.

घालताना आधी ड्रॉवर्स आणि शमीज, मग मोजे आणि बूट, मगच कोर्सेट, कारण त्यानंतर वाकून बुटाची लेस बांधता येत नाही. कोर्सेटची लेस एका टोकापासून ओढत यायचं नाही, मधे कमरेपाशी दोन फासे मोकळे ठेवायचे आणि तिथूनच सावकाश आवळायचं, दहा मिनिटं थांबून परत थोडं. पहिले काही दिवस तासभरच घाला. दम लागला, हाताला मुंग्या आल्या की लगेच सोडा. आणि एप्रिल-मेमध्ये पंचेचाळीस डिग्रीत फोटोशूट ठरवू नका, दिवाळी ते महाशिवरात्र हाच आपला सीझन, उन्हाळा कापायला, हातशिलाईला आणि कापड आटवायला ठेवा.