एडीएचडी असलेल्या किशोरांमध्ये सेरोटोनिन आणि मेंदूतली जोडणी: ट्रिप्टोफॅन-घट चाचणी कशी आखावी

सेरोटोनिन हे चेतापेशींमधलं संदेशवाहक रसायन. एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) असलेल्या किशोरांत ते घटलं तर मेंदूच्या भागांमधली जोडणी, म्हणजे त्यांचे संकेत एका तालात बदलणं, कशी बदलते हे एमआरआय स्कॅनने पाहायचं आणि एडीएचडी नसलेल्या मुलांशी ताडायचं, हा या चाचणीचा हेतू. रक्तातलं सेरोटोनिन मोजून मेंदूतल्या सेरोटोनिनचा अंदाज येत नाही. शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात तयार होतं आणि ते रक्त-मेंदू अडथळा ओलांडत नाही. म्हणून संशोधक त्याच्या कच्च्या मालाला, म्हणजे ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाला हात घालतात. ट्रिप्टोफॅन नसलेलं अमिनो आम्लांचं मिश्रण प्यायला दिलं की यकृत प्रथिनं बनवू लागतं आणि रक्तातलं ट्रिप्टोफॅन त्यात खर्ची पडतं. उरलंसुरलं ट्रिप्टोफॅन ज्या वाहकावरून (अडथळ्यातून ने-आण करणाऱ्या प्रथिनावरून) मेंदूत शिरतं, त्यावर बाकीची मोठी अमिनो आम्लं गर्दी करतात. परिणामी काही तास मेंदूतली सेरोटोनिनची निर्मिती मंदावते.

हे काम मान्यताप्राप्त संशोधन केंद्रात, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचं. घरी मुळीच नाही. भारतात १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती लागते आणि १२ ते १८ वयाच्या मुलाची स्वतःची लेखी अनुमतीही. नैराश्य होऊन गेलेल्यांना निवडू नका, कारण ट्रिप्टोफॅन घटल्यावर त्यांची मनःस्थिती खालावू शकते.

मिश्रण वजनानुसार द्या. प्रौढांसाठीचं सुमारे १०० ग्रॅमचं जुनं मिश्रण मुलांना झेपत नाही, मळमळ होते. मुलांसाठी ‘मोजा-डी’ ही कृती बरी. तिच्यात फेनिलअ‍ॅलनीन, ल्युसीन, आयसोल्युसीन, मेथिओनीन, व्हॅलीन, थ्रिओनीन आणि लायसीन ही सातच अमिनो आम्लं असतात. तुलनेच्या पेयात हीच सात, शिवाय ट्रिप्टोफॅन. मेथिओनीनचा वास उग्र असतो; दोन्ही पेयांना एकच स्वाद द्या, नाहीतर कोणतं पेय कोणतं हे ओळखू येईल.

प्रत्येक मुलाने दोन्ही पेयं वेगवेगळ्या दिवशी घ्यावीत, मध्ये निदान एक आठवडा असावा. निम्म्या मुलांना आधी एक, उरलेल्यांना आधी दुसरं. कारण पहिल्या दिवशी यंत्राची भीती जास्त असते आणि तिचा परिणाम सेरोटोनिनच्या खात्यात जमा होतो. आदल्या दिवशी कमी प्रथिनांचा आहार, रात्रभर उपास. मिथाइलफेनिडेट हे एडीएचडीवरचं औषध किती आधी थांबवायचं हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवावं, पण दोन्ही भेटींना अंतर सारखंच हवं. पेयाआधी आणि स्कॅनच्या आसपास रक्त घ्या. नुसतं ट्रिप्टोफॅन मोजून भागत नाही, वाहकावर स्पर्धा करणाऱ्या अमिनो आम्लांशी त्याचं गुणोत्तर काढा. स्कॅन पेयानंतर काही तासांनी. दिवस संपताना प्रथिनयुक्त जेवण द्या.

सगळ्यात जास्त चाचण्या डोक्याच्या हालचालीने नासतात. चुळबुळ हे तर या मुलांचं लक्षणच, आणि हालचालीमुळे जवळच्या भागांतली जोडणी खोटी वाढते, दूरच्या भागांतली खोटी घटते. ‘एडीएचडीत लांब पल्ल्याची जोडणी कमकुवत’ असा निष्कर्ष अशा खोट्या घटीतूनही निघू शकतो. म्हणून आधी नकली स्कॅनरमध्ये सराव करून घ्या, डोक्याभोवती फोम लावा. विश्रांत अवस्थेतलं, म्हणजे कोणतंही काम न देता केलेलं स्कॅन ८ ते १० मिनिटांचं, डोळे उघडे, नजर फुलीवर. डोळे मिटले की झोप लागते आणि झोपेत नेटवर्कं (एकत्र काम करणाऱ्या भागांचे संच) बदलतात. ज्या चित्रांत डोक्याचं आधीच्या चित्रापासूनचं विस्थापन ०.२ मिमीपेक्षा जास्त, ती गाळा. गाळून किती मिनिटं उरली ते दोन्ही दिवसांसाठी लिहा. फरक मोठा असेल तर ते मूल विश्लेषणातून वगळणंच योग्य.

जोडणी पाहायची तर डिफॉल्ट मोड नेटवर्कपासून, म्हणजे मन मोकळं असताना जास्त सक्रिय असणाऱ्या भागांपासून सुरुवात करा. त्याचे मुख्य भाग पश्च सिंग्युलेट आणि मध्य-अग्रललाट हे आहेत. लक्ष द्यायच्या वेळी हे नेटवर्क पुरेसं शांत होत नाही, ही एडीएचडीबद्दलची कल्पना २००७ मध्ये सोनुगा-बार्क आणि कॅस्टेलानोस यांनी मांडली. सेरोटोनिनचं उगमस्थान असलेली राफे केंद्रकं मेंदूस्तंभात आहेत; ती लहान आहेत आणि नाडीच्या ठोक्याने हलतात. त्यांना बीजबिंदू करायचं, म्हणजे बाकी मेंदूची जोडणी त्यांच्यापासून मोजायची, तर नाडी आणि श्वास दोन्ही नोंदवलेच पाहिजेत. संपूर्ण मेंदूचा सरासरी संकेत वजा केल्यास ऋण सहसंबंध कृत्रिमपणे उमटतात, म्हणून विश्लेषण त्यासह आणि त्याशिवाय, दोन्ही रीतींनी करा.

एडीएचडी गटात फरक ‘लक्षणीय’ आणि इतरांत नाही, एवढ्याने गटांत फरक सिद्ध होत नाही. गट आणि पेय यांचा परस्परपरिणाम, म्हणजे पेयाचा परिणाम दोन गटांत वेगळा आहे का, हे थेट तपासा. आणखी एक: एमआरआय रक्तातला प्राणवायू मोजतं, आणि सेरोटोनिन रक्तवाहिन्यांवरही काम करतं. त्यामुळे शक्य असेल तर त्याच भेटीत मेंदूतला रक्तप्रवाहही मोजा. तो बदललेला दिसला, तर जोडणीतला बदल चेतापेशींचा आहे असं लिहू नका.