लहान ट्रॅक्टरवर ग्रॅपल कसं चालवावं

तोडलेल्या फांद्यांचा ढीग बकेटने हलवायचा प्रयत्न ज्याने केला आहे, त्याला ग्रॅपलचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही. निम्म्या फांद्या बकेटमध्ये येतच नाहीत, आलेल्यांपैकी निम्म्या वाटेत सांडतात आणि उरलेल्या ओतायच्या वेळी काठाला अडकून बसतात. ग्रॅपलमध्ये खाली दात्यांचा पंजा असतो आणि वरून हायड्रॉलिकवर मिटणारा जबडा. सांडशीने भांडं धरावं तसं ते ओझं धरतं आणि नेऊन ठेवतं.

गोम एकच. जबडा जे धरू शकतो, ते ट्रॅक्टरला पेलेलच असं नाही. २० ते ५० अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरवरचं ग्रॅपलसुद्धा एवढा जाड ओंडका घट्ट आवळतं की तो उचलताना मागची चाकं जमीन सोडतील. म्हणून लिव्हर हाताळण्याआधी थोडा हिशेब करावा लागतो.

वजनाचा हिशेब

लोडरच्या, म्हणजे ट्रॅक्टरच्या पुढच्या उचलणाऱ्या भुजांच्या, पुस्तिकेत उचलण्याची क्षमता बहुधा दोन ठिकाणची दिलेली असते: एक भुजांच्या टोकाला बकेट जोडणाऱ्या पिनपाशी आणि दुसरी पिनच्या ५०० मिलिमीटर पुढे. जाहिरातीत पहिला, मोठा आकडा असतो. आपल्या कामाचा दुसरा, कारण ओझं कधीच पिनवर बसत नाही, ते पुढे दात्यांत असतं. त्यातून ग्रॅपलचं स्वतःचं वजन वजा करा. क्षमता ५०० किलो आणि ग्रॅपल २०० किलो असेल, तर हातात उरले ३०० किलो. क्षमता बकेटसह दिली आहे की बकेटशिवाय, हेही पुस्तिकेत बघून घ्या. भारी, जाड पत्र्याचं ग्रॅपल लहान ट्रॅक्टरवर घालू नये असं माझं मत आहे ते याचसाठी. मजबुतीच्या नावाखाली आपण उचलायची ताकदच गमावून बसतो.

आता ३०० किलो म्हणजे किती? ओल्या लाकडाचं वजन घनमीटरला साधारण ८०० ते १००० किलो भरतं. ३० सेंटिमीटर जाडीचा, ३ मीटर लांबीचा ओंडका १७० ते २१० किलोंचा होतो. तेवढ्याच लांबीचा पण ४० सेंटिमीटर जाडीचा ओंडका ३०० ते ३७५ किलोंवर जातो. डोळ्याला फरक वाटतो चार बोटांचा, वजन मात्र पावणेदोन पट. दगड याहून फसवा: ६० सेंटिमीटर व्यासाचा गोल धोंडा ३०० किलोंच्या आसपास असतो, आणि जमिनीत रुतलेला असेल तर तो केवढा आहे ते उचकटल्याशिवाय कळतही नाही.

मागे वजन हवंच

बैलगाडीत मागे ओझं जास्त झालं की गाडी उलाळ होते. इथे तोच प्रकार उलट्या दिशेने घडतो: ओझं पुढे, आणि उचलली जाते ती मागची बाजू. पुढचा आस हा उलाळण्याचा टेकू बनतो. ट्रॅक्टर आडवा होण्याची सुरुवात बऱ्याचदा इथूनच होते, कारण पुढचा आस मध्यभागी एका पिनवर डुलतो आणि मागची चाकं हलकी झाली की बाजूचा तोल सांभाळायला काही उरत नाही.

म्हणून थ्री-पॉइंटवर, म्हणजे मागे अवजारं जोडायच्या जागी, वजनाची पेटी किंवा एखादं जड अवजार लावा. मागच्या टायरमध्ये पाणी भरणं चांगलंच, पण ते पुरेसं नाही. टायरमधलं वजन मागच्या आसावरच बसतं, त्याने पुढच्या आसावरचा भार कमी होत नाही. आसाच्याही मागे लटकलेलं वजन तराजूच्या दुसऱ्या पारड्यासारखं काम करतं आणि पुढचा आस हलका करतं. किती वजन लावायचं ते लोडरच्या पुस्तिकेत असतं.

फोर व्हील ड्राइव्ह चालू ठेवा. बहुतेक लहान ट्रॅक्टरांचे ब्रेक फक्त मागच्या चाकांवर असतात. पुढे ओझं, मागची चाकं हलकी आणि फोर व्हील बंद, अशा अवस्थेत उतारावर ब्रेक दाबला तर मागची चाकं नुसती घसरतात. फोर व्हील चालू असेल तर पुढची चाकंही ट्रॅक्टर धरून ठेवतात.

हायड्रॉलिकची तिसरी लाइन

लोडरच्या जॉयस्टिकवर चार हालचाली असतात: भुजा वर, भुजा खाली, बकेट आत वळवणं आणि बाहेर ओतणं. या झाल्या दोन लाइन. जबड्याला तिसरी लागते. ती मिळवायचे तीन मार्ग आहेत. एक, जॉयस्टिकवर बटण असलेला स्वतंत्र थर्ड फंक्शन व्हॉल्व्ह. दोन, डायव्हर्टर, जो बटण दाबलं असताना बकेट वळवायचं तेल जबड्याकडे पाठवतो. त्यामुळे आवळणं आणि वळवणं एका वेळी होत नाही. तीन, मागच्या रिमोटपासून, म्हणजे मागच्या अवजारांना तेल देणाऱ्या जोडणीपासून, पुढे ओढून आणलेले पाइप. तिसऱ्यात जबड्यासाठी दर वेळी हात मागच्या लिव्हरकडे न्यावा लागतो आणि दिवसभराच्या कामात त्याचा वैताग येतो. काम रोजचं असेल तर थर्ड फंक्शनच घ्या. वळवता वळवता आवळता येणं हीच तर ग्रॅपलची खरी मजा.

जोडणी

१. सपाट जागा निवडा. लोडरची क्विक-अटॅच पाटी थोडी पुढे झुकवून ग्रॅपलच्या वरच्या ओठाखाली घाला, मग मागे वळवा म्हणजे ते पाटीवर बसेल.

२. ट्रॅक्टरवरून खाली उतरून दोन्ही बाजूंच्या पिना डोळ्यांनी बघा. लिव्हर मिटला म्हणजे पिन बसलीच असं नाही. भोकात मातीचा गोळा असला तरी लिव्हर मिटल्यासारखा दिसतो. मग दात्यांची टोकं जमिनीवर टेकवून पुढे हलका दाब द्या. पाटी सुटत असेल तर इथेच सुटेल.

३. इंजिन बंद करा, बटण आणि लिव्हर दोन्हीकडे हलवून लाइनमधला दाब सोडा, पाइपांची जोडटोकं, म्हणजे कपलर, फडक्याने पुसून जोडा. कपलरवरची धूळ सरळ व्हॉल्व्हमध्ये जाते.

४. इंजिन चालू करून जबडा चार-पाच वेळा पूर्ण उघडा-मिटा, म्हणजे हवा निघेल. पाइप कुठे ताणला जातो का, भुजेखाली चिमटतो का, ते बघा. नवीन जोडणी असेल तर त्यानंतर तेलाची पातळी तपासा, कारण सिलिंडरमध्ये आणि पाइपमध्ये तेल गेलेलं असतं.

गळती हाताने चाचपू नका, कधीच नाही. मोटारीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार दाब असतो. इथे तो १५० बारच्या आसपास असतो. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून निघालेलं तेल कातडीत घुसतं. वरून नुसता टोचल्याचा ठिपका दिसतो आणि आत मांस खराब होत जातं. असं झालं तर दुखत नसलं तरी त्याच वेळी इस्पितळ गाठायचं. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा फिरवावा.

हात बसवणं

पहिला अर्धा तास मोकळ्या जागी एका हलक्या ओंडक्यावर घालवा. गिअर लो रेंजमध्ये (हळू चालीचे), इंजिन मध्यम वेगावर. जबडा पूर्ण उघडा, खालचे दाते जमिनीला समांतर ठेवा, टोकं अगदी किंचित खाली. ट्रॅक्टर सावकाश पुढे नेऊन दाते ओझ्याखाली सरकवा. आधी जबडा मिटा, मग पंजा मागे वळवा आणि शेवटी उचला. नवशिका हा क्रम उलटा करतो: आधी उचलतो, मग आवळतो, आणि ओझं पुढून निसटतं.

जबडा मिटल्यावर सिलिंडर शेवटाला पोचला की जादा दाब सोडणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हचा कण्हल्यासारखा आवाज येतो. तो आला की बटण सोडा. दाबून धरल्याने पकड वाढत नाही, फक्त तेल तापतं. लांबच्या फेरीत मधूनमधून बटण एकदा दाबावं, कारण फांद्या दबत जातात आणि पकड सैल पडते.

नेताना ओझं जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीवर ठेवा. पुढचं दिसण्यासाठी उंच उचलायचा मोह होतो. दिसत नसेल तर ओझं कमी घ्या.

फांद्या आणि झुडपं

इथे ग्रॅपलचं खरं राज्य आहे, पण त्याची अर्धी मेहनत तोडतानाच होते. फांद्या तोडताना सगळे बुंधे एकाच बाजूला पडतील अशा टाका. मग ढिगाला बाजूने, फांद्यांच्या लांबीला काटकोनात भिडा. जबडा मिटला की फांद्या जुडीसारख्या आवळल्या जातात. सगळ्या दिशांना पडलेला ढीग मात्र उचलताना अर्ध्या गावाला ओढून आणतो.

मोठा ढीग रचताना ओझं वर सोडा आणि मिटलेल्या ग्रॅपलने हलकेच दाबा. ढीग निम्म्याने बसतो. हलकेच म्हणजे खरोखर हलकेच, पुढची चाकं उचलली जाईपर्यंत नव्हे.

फांद्यांचा धोका वजनाचा नाही, टोकांचा आहे. मी एकदा ढिगात जरा जोरात घुसलो. खाली दबलेली मनगटाएवढी फांदी धनुष्यासारखी वाकली, सुटली आणि ग्रॅपलच्या पाइपमागे शिरली. पाइप कपलरपासून उपटला गेला, तेल सगळं बॉनेटवर. त्या दिवसापासून पाइपांवर जाड कापडी आवरण आहे, आणि ढिगात मी चालण्याच्या वेगाने जातो. हीच फांदी जाळीतून रेडिएटरमध्येही घुसू शकते. बारीक पालाही तिथेच जमतो. दर तासाभराने जाळी साफ केली नाही तर तापमानाचा काटा आठवण करून देतो.

ओंडके

ओंडका मध्यावर धरण्यापेक्षा तोलावर धरा. बुंध्याकडची बाजू जड असते, त्यामुळे तोलाचा बिंदू मध्यापासून बुंध्याकडे सरकलेला असतो. थोडंसं उचला; एक बाजू झुकली तर खाली ठेवून त्या बाजूला सरकून पुन्हा धरा.

आडवा धरलेला ३ मीटरचा ओंडका दोन्हीकडे ट्रॅक्टरच्या बाहेर जातो. वळताना त्याचं टोक झाडाला लागलं तर लोडरच्या भुजा पिळल्या जातात. त्या क्षेत्रात कुणी उभं असेल तर काय होईल, ते सांगायला नको.

आणि सर्वांत महत्त्वाचं: ओंडका धरून भुजा उंच नेत पंजा पूर्ण मागे वळवू नका. पकड सुटली तर ओंडका भुजांवरून घरंगळत चालकाच्या अंगावर येतो. सुरक्षा-कमान मागे असते, पुढून येणाऱ्या ओंडक्याला ती अडवत नाही. कमान उभी असताना पट्टा मात्र बांधलेलाच हवा, कारण ट्रॅक्टर उलटला तर पट्ट्याविना तिचा उपयोग नाही.

मुळं आणि दगड

झुडूप मुळासकट काढायचं तर एका झटक्यात नाही. चारही बाजूंनी दाते खुपसून आधी मुळं तोडा, मग खालून पंजा वळवा. निघाल्यावर जबडा उघड-मीट करून माती झाडून टाका. मोठा बुंधा हलत नसेल तर सोडून द्या, ते खोदयंत्राचं काम. एका कोपऱ्यातल्या दात्याने पहारीसारखं उचकटणं आणि उघड्या जबड्याने माल मागे ओढणं, या दोन सवयींनी अनुक्रमे भुजा आणि जबड्याचा सिलिंडर वाकतात.

दगडाला खालून दाते घाला आणि उचला जेमतेम. जबडा फक्त वरून टेकलेला असतो, गुळगुळीत दगडावर दात्यांना पकड नसते.

उतारावर

आडवं जाऊ नका. ओझं चढाकडे राहील असं बघा: चढताना पुढे, उतरताना रिव्हर्समध्ये. उतारावर पडलेल्या ओंडक्याला वरच्या बाजूने भिडा, खालून गेलात तर तो घरंगळून तुमच्याकडेच येणार. जागा बदलली की वर विजेच्या तारा आहेत का ते आधी बघायचं.

काम झाल्यावर

पिनांना दर आठ-दहा तासांनी ग्रीस द्या, जबड्याच्या बिजागरीच्या पिनांना विसरू नका. त्या वर असल्याने हटकून राहून जातात. ग्रॅपल काढताना ते सपाट जागी जबडा मिटून टेकवा, इंजिन बंद करा, दाब सोडा, मगच कपलर काढा आणि टोपणं लावा. दाब न सोडता काढलं आणि ते उन्हात पडून राहिलं, तर आतलं तेल फुगतं आणि पुढच्या वेळी कपलर कितीही जोर लावा, बसत नाही. तसं झालंच तर ग्रॅपल सावलीत गार होऊ द्या किंवा पाण्याने भिजवलेलं फडकं पाइपांवर टाकून थोडं थांबा. हातोडीने कपलर ठोकू नका.