पुण्यात पेट्रोलचा खर्च वाचवताना : सायकल कोणी घ्यावी, बस कोणी धरावी

1 जुलै 2017 रोजी जीएसटी लागू झाला तेव्हा पेट्रोल त्याच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आले, त्यामुळे त्यावर केंद्राचे उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट असे दोन्ही कर वेगवेगळे लागतात. 2025 च्या दरांनुसार केंद्राचे शुल्क लिटरमागे 21 रुपये 90 पैसे, तर महाराष्ट्राचा व्हॅट 25 टक्के आणि त्यावर लिटरमागे 5 रुपये 12 पैसे. पुण्यातील भाव सुमारे 104 रुपये धरला, तर त्यातले पंचेचाळीसहून थोडे अधिक रुपये निव्वळ करापोटी जातात. पेट्रोल कमी जाळणे हाच हा कर टाळण्याचा सरळ मार्ग आहे. मात्र बस नेहमीच स्वस्त पडते असे गृहीत धरून लगेच पास काढू नये. आधी आपले अंतर आणि आपले वाहन समोर ठेवून हिशेब मांडावा.

समजा, घर ते कार्यालय अंतर 12 किलोमीटर आहे आणि महिन्याचे कामाचे दिवस 25. म्हणजे महिन्याला 600 किलोमीटर झाले. शहरातील गर्दीत लिटरला 15 किलोमीटर देणाऱ्या मोटारीला 40 लिटर, म्हणजे 4,160 रुपयांचे पेट्रोल लागते. जून 2025 मध्ये पीएमपीएमएलने, म्हणजे पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या शहर बससेवेने, तिकीटदर वाढवले. त्यानुसार पहिल्या पाच किलोमीटरला 10 रुपये, दहापर्यंत 20 आणि पंधरापर्यंत 30 रुपये पडतात, आणि या दोन्ही शहरांच्या महापालिकांच्या हद्दीतला मासिक पास 1,500 रुपयांना मिळतो. मोटारवाल्याची बचत उघड आहे. पण लिटरला 45 किलोमीटर देणाऱ्या स्कूटरला त्याच 600 किलोमीटरसाठी सुमारे 1,390 रुपयेच लागतात, म्हणजे पासापेक्षाही कमी. ऑइल, टायर आणि सर्व्हिसिंगचा खर्च धरला, तरच पारडे बसकडे किंचित झुकते. म्हणून माझा सल्ला असा की, मोटार चालवणाऱ्याने बस धरावी आणि स्कूटर चालवणाऱ्याने, अंतर सात-आठ किलोमीटरच्या आत असेल तर, सायकल घ्यावी.

पास घेण्याआधी आणखी एक गोष्ट तपासावी. आठ किलोमीटरच्या थेट बसला जाऊन-येऊन 40 रुपये, म्हणजे 25 दिवसांचे 1,000 रुपये होतात. अशा वेळी मासिक पास घेणे तोट्याचे. बस बदलावी लागत असेल, तर प्रत्येक बसमध्ये तिकीट नव्याने काढावे लागते आणि तिथे मात्र पास फायद्याचा ठरतो. एखाद्याच दिवशी तीन-चार ठिकाणी जायचे असेल, तर 70 रुपयांचा दैनंदिन पास पुरेसा आहे.

बसने जायचे ठरवल्यावर शक्य तर गाडी सुटते त्या थांब्यावरून बसावे. स्वारगेट, कात्रज, मनपा, निगडी किंवा कोथरूड डेपो यांपैकी एखादे ठिकाण दहा मिनिटे उलट दिशेने चालत जाऊन गाठावे लागले, तरी बसायला जागा मिळते आणि पुढचा पाऊण तास सुसह्य होतो. बस कुठवर आली आहे हे ‘आपली पीएमपीएमएल’ या ॲपवर पाहावे, पण त्यातल्या वेळेवर अगदी काटेकोर विसंबू नये. सुट्या पैशांची जुनी कटकट आता उरलेली नाही, वाहकाकडचा क्यूआर कोड स्कॅन करून तिकीट घेता येते. वनाझ ते रामवाडी किंवा पिंपरी ते स्वारगेट या मेट्रोमार्गांजवळ राहणाऱ्यांनी मधला लांब टप्पा मेट्रोने आणि दोन्ही टोकांचे तुकडे बसने किंवा पायी असा प्रवास करून पाहावा.

आता सायकलविषयी सविस्तर. सायकल निवडण्याआधी रस्ता निवडावा, कारण मोटारीने ज्या रस्त्याने जातो तोच सायकलीला सोयीचा असतो असे नाही. कोथरूडहून डेक्कनला जाणाऱ्याने कर्वे रस्ता आणि त्यावरील उड्डाणपूल टाळून मयूर कॉलनीतून आणि पुढे प्रभात रस्त्याच्या गल्ल्यांतून जावे. अंतर थोडे वाढेल, पण बसच्या चाकांना खेटून जावे लागणार नाही. या मार्गावर जाताना उतार आणि परतताना चढ आहे, हे सोयीचेच, कारण घाम संध्याकाळी आला तर बिघडत नाही. कागदावरील सायकल मार्गांवर भरवसा ठेवू नये, त्यांपैकी बऱ्याच ठिकाणी गाड्या लावलेल्या आढळतात. ठरवलेला रस्ता रविवारी सकाळी एकदा आणि मग एखाद्या कामाच्या दिवशी गर्दीच्या वेळी चालवून पाहावा.

सपाट रस्त्याला बिनगिअरची साधी सायकल पुरते. चांदणी चौक, कात्रज किंवा पाषाणकडच्या चढांसाठी गिअर हवेत. 22 सप्टेंबर 2025 पासून सायकलीवरील जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्के झाला आहे, आणि तिला नोंदणी, परवाना, विमा, पीयूसी यांपैकी काहीच लागत नाही. (एके काळी पुण्यात सायकलीलाही कर होता, पालिकेचा बिल्ला नसेल किंवा रात्री दिवा नसेल, तर दंड होत असे.) सीटची उंची बसवताना पेडल अगदी खाली असता टाच त्यावर ठेवावी आणि त्या वेळी गुडघा सरळ व्हावा, इतकी सीट वर घ्यावी. बहुतेकांची सीट फार खाली असते आणि त्यामुळेच गुडघे दुखतात. हवेचा दाब टायरच्या बाजूवर कोरलेला असतो. दर आठवड्याला तेवढी हवा भरली, तर पंक्चरही कमी होतात.

कुलूप साखळीचे न घेता यू आकाराचे, पोलादी घ्यावे आणि ते सायकलची चौकट व मागचे चाक दोन्ही घेऊन जमिनीत पक्क्या रोवलेल्या खांबाला लावावे. पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा हवाच. बॅग पाठीवर न घेता कॅरिअरला बांधावी, शेवटचा किलोमीटर मुद्दाम सावकाश चालवावा आणि शर्ट कार्यालयात ठेवावा. घामाचा प्रश्न एवढ्याने बराचसा सुटतो. पावसाळ्यासाठी दोन्ही चाकांना मडगार्ड लावावेत. खाली लोंबणारा रेनकोट साखळीत अडकतो, त्याऐवजी जॅकेट आणि पँट असा जोड घ्यावा. भिजलेली साखळी घरी आल्यावर फडक्याने पुसून तिला तेलाचे थोडे थेंब द्यावेत. मुसळधार पावसात ब्रेक उशिरा लागतात आणि खड्डे दिसत नाहीत, म्हणून त्या दिवशी बसने जावे.

शिरूर, सासवड अशा ठिकाणांहून रोज येणाऱ्यांसाठी एसटीचा मासिक पास उपयोगी आहे, त्यात वीस दिवसांचे भाडे भरून तीस दिवस प्रवास करता येतो. मार्च 2023 पासून महिलांना एसटीच्या तिकिटात निम्मी सवलत आहे, त्यामुळे त्यांनी पास आणि सवलतीचे तिकीट यांची तुलना करूनच पैसे भरावेत.

घरातले दुसरे वाहन उभे राहू लागल्यावर त्याचा विमा आणि सर्व्हिसिंग चालूच राहते, बॅटरीही उतरते. तीन-चार महिने त्याच्यावाचून अडले नाही, तर ते विकावे आणि विकताना फॉर्म 29 व 30 भरून आरसी नव्या मालकाच्या नावावर झाल्याची खात्री करून घ्यावी.