चहाच्या क्षेत्रात यायचंय? आधी प्रदेश ठरवा

कृषी पदवी घेऊन चहाकडे वळणारी मुलं बहुधा आधी पद आणि पगार विचारतात. मी त्यांना उलट विचारतो, कुठल्या भागात जाणार? आसामात घडलेला असिस्टंट मॅनेजर आणि दार्जिलिंगमध्ये घडलेला, दोघांचं कसब वेगळं असतं आणि ते दुसरीकडे जसंच्या तसं चालत नाही.

चहा ठरावीक पट्ट्यांतच का एकवटला, याचं अर्धं उत्तर पाऊस आणि आम्लधर्मी मातीत आहे. उरलेलं मला आसामात मळ्यावर वजनाच्या वेळी उमगलं. दाबून भरलेल्या पानाच्या पोत्यात हात घातला की आत चक्क ऊब लागते. खुडलेलं पान श्वास घेतच असतं. गाडी अडकून राहिली की पोत्याच्या मधलं पान तांबूस पडतं, आणि त्या पानाचा चांगला चहा पुढे कोणालाच करता येत नाही. शिवाय एक किलो चहाला साधारण साडेचार किलो हिरवं पान लागतं. एवढा ओला माल लांब कशाला वाहायचा? म्हणून कारखाना मळ्यातच किंवा अगदी जवळ लागतो. कारखान्यांमागून सीटीसी रोलरचे, म्हणजे पान चिरडून-फाडून त्याचे दाणे करणाऱ्या यंत्राच्या रोलरचे, दात पाजळणारे कारागीर येतात, ब्रोकर येतात, चव पारखणारे येतात. टोकलाईचं संशोधन केंद्र जोरहाटला १९११ पासून आहे, गुवाहाटीचा लिलाव १९७० पासून. सीटीसी यंत्रही १९३० च्या दशकात आसामातच जन्मलं. नवख्यासाठी हा शेजार फार मोलाचा असतो. अडलेल्या प्रश्नाचं उत्तर जाणणारा माणूस तिथे जवळपास सापडतोच.

दार्जिलिंगचं गणित निराळं. तिथे चिनी जातीची झुडपं, उताराचे मळे, कमी उत्पादन आणि ऑर्थोडॉक्स पद्धत, म्हणजे पान न फाडता वळून चहा करायचा. फर्स्ट फ्लश आणि सेकंड फ्लश, म्हणजे हंगामातल्या पहिल्या आणि दुसऱ्या पालवीच्या थोड्या आठवड्यांवर वर्षाच्या कमाईचा मोठा भाग अवलंबून असतो. भारतात भौगोलिक मानांकन सर्वांत आधी मिळालं ते याच चहाला. निलगिरीत खुडणी वर्षभर चालते. तिथे छोटे उत्पादक पुष्कळ, आणि ते आपलं पान ‘बॉट लीफ’, म्हणजे पान विकत घेऊन चहा करणाऱ्या, कारखान्यांना विकतात. देशातला निम्म्याहून अधिक चहा आता छोट्या उत्पादकांच्या पानातून होतो. त्यामुळे पान खरेदी, प्रतवारी आणि शेतकऱ्यांशी व्यवहार शिकायचा असेल तर मी निलगिरी किंवा उत्तर बंगाल सुचवेन.

माझं मत विचाराल तर पहिली नोकरी आसामसारख्या सीटीसीच्या पट्ट्यात करा. पावसाळ्यात कारखाना रात्रंदिवस चालतो, आणि कोमेजणं, कटिंग, ऑक्सिडेशन, ड्रायर हे सगळं इतक्या वेळा डोळ्यांसमोरून जातं की वासावरून चूक कळायला लागते. नाजूक ऑर्थोडॉक्स चहा त्यानंतर शिकावा. एकाच पट्ट्यात मुरलं की धोकाही आहे. भाव पडला किंवा हेलोपेल्टिस किडीचा जोर झाला की आसपासचे सगळे मळे एकदमच अडचणीत येतात, आणि शेजारी दुसरी नोकरी मिळत नाही.

शिक्षणासाठी जोरहाटचं आसाम कृषी विद्यापीठ, उत्तर बंगाल विद्यापीठाचा टी सायन्स विभाग आणि व्यवस्थापनाकडे ओढा असेल तर बंगळुरूची प्लांटेशन मॅनेजमेंट संस्था पाहा. प्रवेशाचे नियम त्या-त्या संस्थेकडूनच घ्या.

अभ्यासक्रमात मिळत नाही ती मळ्याची भाषा. आसाम आणि उत्तर बंगालातल्या डुआर्समध्ये सादरी, दार्जिलिंगमध्ये नेपाळी, निलगिरीत तमिळ. कामापुरती तरी शिकाच. कुठल्या सेक्शनमध्ये पान जून झालंय, कुठे कीड दिसायला लागलीय, हे खुडणाऱ्या बायकांना तुमच्या आधी माहीत असतं. विचारता आलं तर त्या सांगतात. आणि मळा बघायला जाणार असाल तर आसामात डिसेंबर ते फेब्रुवारी टाळा. त्या दिवसांत छाटणी आणि यंत्रांची दुरुस्ती दिसेल, चहा तयार होताना क्वचितच.